उलटतपासणी बाकी आहे

तात्यांना लग्नाला बोलवायचं म्हणजे आमच्या देवासच्या गल्लीत लोक दोनदा विचार करतात. कन्नौदच्या एका लग्नात मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं, तात्या?" तात्या म्हणाले, "श्रीखंड आंबट होतं. पुऱ्या बऱ्या होत्या." बाप हात जोडलेलेच ठेवून उभा राहिला.

त्यांना खोटं बोलता येत नाही असं नाही. ते बोलत नाहीत, कारण ते साक्षीदार आहेत. एकदा माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन टाळायला मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि घरी नाही म्हणून सांगा अशी खूण केली. तात्या फोनवर म्हणाले, "घरीच आहेत. हाताने नाही म्हणताहेत."

मी चिडलो, तर हे शांत. "भिया, माझी उलटतपासणी बाकी आहे. वकील काहीही पूछू शकतो."

गोष्ट अशी. तात्या सरकारी इमारतींचं काम पाहणारे उपयंत्री होते. उदयनगरकडच्या एका शाळेच्या छतात रेतीच जास्त, सिमेंट नावाला, हे त्यांनी वरच्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. पण ठेकेदार पडला एका नेत्याचा मेहुणा. बिल पास झालं आणि पावसाळ्यात छत कोसळलं. काकू, म्हणजे तात्यांची बायको, तेव्हा त्याच शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी गेली.

केस उभी राहिली. बाकीचे साक्षीदार एकेक करून पलटले. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाच्या दारात जीप येऊन थांबली. उरले तात्या. त्यांची साक्ष अर्धी झाली आणि तिथेच अडकली. कधी वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. मेहुणा जामिनावर हिंडतो, नेता अजून फिती कापतो आणि कायदे कडक हवेत म्हणून भाषणं देतो. मला याचा भयंकर संताप येतो. साक्षीदार जिवंत असेपर्यंत निकाल लागेल, एवढा कडक कायदा झाला तरी खूप झालं.

कोर्टाच्या प्रत्येक पेशीला तात्या इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. परतले की काकू विचारायच्या, "काय झालं?"

"तारीख मिळाली."

यंदा काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. परवा दुपारी मी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "अहो, निकाल लागला?"

तात्या खाटेच्या कडेवर टेकले. मग त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. "लागला. सगळ्यांना शिक्षा झाली."

"त्या पोरीच्या आईला कळवलंत?"

"कळवलं."

काकूंनी डोळे मिटले. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

तात्या बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि रडू लागले. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने डोळे पुसून ते म्हणाले, "सोमवारी पेशी आहे. ही असेपर्यंत निकाल लागून गेला, तर मी झूठ बोललो असं नाही ना होणार, भिया? लागेल ना तोवर?"

"लागेल, तात्या," मी लगेच म्हणालो. मी कुठल्याच खटल्यात साक्षीदार नाही.