शिवराज सरांचे चार

आमच्या बसवकल्याणात शिवराज सरांना बातमी सांगायची म्हणजे साक्षीदार सोबत न्यावा लागतो. परवा भाजीवाली म्हणाली, "सर, उद्या बस बंद हायत म्हणं." सरांनी पिशवी खाली ठेवली. "कोण म्हणलं?" तिनं पानवाल्याचं नाव घेतलं, पानवाल्यानं न्हाव्याचं, न्हाव्यानं आणखी दोघांचं. तासाभरात सर सात जणांना भेटले. सगळ्या वाटा एका कंडक्टरपाशी पोचल्या. त्याची उद्या सुट्टी होती, एवढंच. "सात माणसं न्हाईत ही," सर मला म्हणाले, "एकच माणूस सात तोंडानं बोलायलाय." भाजी राहिली ती राहिलीच.

सर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. वीस वर्षं आमचे शेजारी. त्यांचे तीन शोधलेख छापून आले, पण जीव पहिल्यावर. चार परक्या अभ्यासकांनी आपल्या लेखाच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत, त्याचं नाव दिलं आहे. तो लेख मला कळत नाही. आकडा मात्र पाठ आहे, कारण चहा घेताना सर त्या चौघांविषयी जावयांसारखं बोलतात. "पाचवा येईल की," असंही म्हणतात.

माझी मुलगी सुषमा दोनदा गणितात नापास झाली आणि मग त्यांच्या ओट्यावर शिकली. आता कलबुर्गीला कॉम्प्युटर सायन्समध्ये संशोधन करते. विषयही असाच: कुणाचा लेख किती जणांनी आधाराला घेतला ते मोजायचं आणि त्यावरून कुणाचा प्रभाव किती ते ठरवायचं. पहिला लेख पाठवण्याआधी ती तक्ता घेऊन सरांकडे गेली. मीही गेलो.

"सर, तुमचे सहा आलेत."

"चार."

"कॉम्प्युटर सहा म्हणायलाय."

"म्हणू दे. दोन माझेच हायत."

पहिला लेख सरांनी कन्नड पद्धतीनं, मूळ गावाचं आणि वडिलांचं अक्षर आधी लावून लिहिला होता: एच. एम. शिवराज. पुढचे दोन महाराष्ट्रात छापले, ते शिवराज माणिकराव बिरादार या नावानं, आणि त्यांत स्वतःच्याच पहिल्या लेखाचा संदर्भ दिला. कॉम्प्युटरला ही दोन माणसं वाटली, म्हणून स्वतःच स्वतःला दिलेले दोन संदर्भही त्यानं परक्याचे म्हणून मोजले. आमच्या सीमाभागात अशी दोन नावांची माणसं गल्लीगल्लीत निघतात. म्हणजे सगळा तक्ताच चुकला होता. सुषमाचं तोंड उतरलं. तो लेख तसाच गेला असता, तर तिच्या पहिल्याच कामावरचा विश्वास उडाला असता.

बावीस दिवस सर तिच्यासोबत एकेक नाव तपासत बसले. "ह्यो खटकचिंचोळी गावचा, येगळा माणूस. आडनावाला भुलू नको."

नवा लेख तयार झाला. सरांनी शेवटची संदर्भांची यादी वाचली आणि सतराव्या नावावर थांबले. ते त्यांचंच होतं.

"माझा लेख वाचलीस का, अक्का?"

"न्हाई सर."

"मग कामून घातलीस?"

"तुमचे पाच व्हावेत म्हणून."

सरांनी पेन काढून नावावर रेघ मारली. "जे मोजायला बसलीस, त्यातच पाणी घालायलीस व्हय?"

सुषमानं कागद ओढून घेतला, अगदी खाली 'आभार' लिहून दोन ओळी खरडल्या आणि वाचून दाखवल्या: माझं गणित शिवराज सरांनी दुरुस्त केलं. या लेखातली मोठी चूकही त्यांनीच दाखवली.

सरांनी चष्मा पुसून कागदाकडं बघितलं.

"ह्ये मोजत न्हाईत नव्हं?"

"न्हाई सर."

"मग ऱ्हाऊ दे." पेन खिशाला लावत म्हणाले, "पुन्ना एकदा वाच बरं."