रुंद फळ्यांची निवड आणि राणीसाहेबांचे खिंड उतरणे

श्री हिमशिखरवासी शंभू समर्थ. जयाचे माथां गंगा गोठली तरी जो हसतमुख बैसला, तयासी प्रथम नमन. मग ज्या मुलखी अर्धे वर्ष जमीन दिसत नाही आणि तरी माणसे आनंदात नांदतात, त्या मुलखासी नमन. शके सोळाशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरे, पौष मासी जे वर्तमान जाहले ते सावध होऊन ऐकावे.

राज्य डोंगरी. हिवाळा पडला म्हणजे तेथे घोडा चालेना, बैल चालेना, पालखी चालेना. मग लोक दोही पायी लाकडाच्या लांब फळ्या बांधीत, ज्यांस दर्यापारचे लोक स्की म्हणतात, आणि घसरत घसरत बाजारास, देवळास आणि सासुरवाडीस जात. त्या राज्याचे महाराज शांत, आणि राणी गोजराबाईसाहेब देहाने भरदार, बोलण्यात खणखणीत, आणि एकदा मनात आणिले ते केल्याविना न राहणाऱ्या. त्यांस एकच लेक, नाव कमळजा. ती खिंडीपलीकडील राज्यात दिली होती आणि त्या साली तिचे पहिले बाळंतपण होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, म्हणोन मार्गशीर्षात लेकीस आणावयाची तजवीज जाहली, पालखी सजली, आणि इतक्यात बर्फ वेळेआधी पडला आणि खिंड बंद जाहली. मग राणीसाहेबांस चैन पडेना. पानावर बसावे आणि उठावे, उठावे आणि खिडकीत जावे, आणि खिंडीकडे पाहून म्हणावे, "माझी पोर तिकडे, आणि मी येथे भात कालवीत बसू काय?"

खिंडीची चौकी भिवराबाईंकडे होती. त्यांचे यजमान ज्वराने वारले तेव्हापासून त्याच चौकी राखीत, आणि बर्फावर त्यांजसारखे उतरणारे त्या मुलखात दुसरे कोणी नव्हते. त्यांच्या फळ्या जुन्या, अरुंद, मधल्या कमरेस दोनच बोटे. आणि घट्ट बर्फावर त्या फळीची कड रुतवून ऐसे वळण कोरीत की मागे बर्फावर कोयरीची रेघ उमटावी आणि पोरासोरांनी ती पाहावयास धावावे. त्यांचे दीर बाजाबा. त्यांचे मत अगदी उलटे. त्यांच्या फळ्या दाराच्या झडपेएवढ्या रुंद, आणि मऊ बर्फावर ते बदकासारखे तरंगत आणि तरंगता तरंगता तपकीर ओढीत. या दोघांचा वाद लग्नात, बारशात, कोठेही चाले. बाजाबा म्हणत, "वहिनीसाहेब, आपल्या त्या फळ्या नव्हेत, दातकोरणी आहेत." भिवराबाई म्हणत, "भावोजी, आपल्या फळ्यांवर पंगत बसेल, वळण मात्र बसणार नाही." आणि दोघांसही वाटे की आपण जिंकलो.

खिंडीची पलीकडली उतरण मोठी विचित्र. वरचे अंगास पसरट कुंड, तेथे वारा बर्फ आणून टाकी, तो कापसासारखा मऊ आणि छातीइतका खोल. आणि खालचे अंगास घळ, तेथे ऊन पोहोचेना, म्हणोन बर्फ काचेसारखा कठीण, आणि वळणांमागून वळणे. राणीसाहेबांनी डिंकाचे लाडू करविले आणि ते देऊन बाजाबांस लेकीकडे पाठविले. बाजाबा वरचे कुंड तरंगत उतरले, आणि मग घळीत शिरले, आणि पहिल्याच वळणावर फळी कडेवर येईना, येईना, आणि आली तेव्हा वळण मागे राहिले होते. बाजाबा कपारीत अडकले आणि डबा फुटला आणि लाडू टणाटण उड्या मारीत घळीतून खाली गेले. चौकीच्या गड्यांनी बाजाबांस वर ओढून आणिले, मग भिवराबाई निघाल्या. त्या घळीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. कुंडात चार हात गेल्या तोंच अरुंद फळ्या खाली बुडाल्या आणि बाई काखांपर्यंत रुतल्या, आणि चौकीच्या गड्यांनी दोर टाकून त्यांस वर काढिले. बाजाबा गुडघ्यास लेप लावून बसले होते ते उठून पाहावयास आले. परंतु वहिनींचे ओठ निळे पडलेले पाहून आपली घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकिली.

दोघे हुजूर उभे राहिले. महाराज म्हणाले, "आता वसंताची वाट पाहणे." राणीसाहेब उठून उभ्या राहिल्या. "वसंताची वाट लेकरू पाहते काय? मी खासा जाते. भिवरा मला नेईल."

महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिले, मग त्यांच्या आकाराकडे पाहिले, मग नजर खाली केली. "आपण आजवर फळ्यांवर उभ्या राहिला नाहीत."

"आजवर माझी लेकही बाळंत झाली नव्हती," राणीसाहेब बोलिल्या. मग भिवराबाईंकडे वळून आवाज मऊ केला. "भिवरे, होईल ना गं?"

भिवराबाईंनी होय म्हणून मुजरा केला. परंतु बाहेर येता पायरीवर बसल्या. एकटीचे वजन कुंडात तरले नाही, त्यात राणीसाहेब त्याच फळ्यांवर पाठीमागे उभ्या राहणार. मग घळ. तेथे चुकले तर लाडू नव्हेत, राज्याची राणी गडगडत जाईल. बाजाबा शेजारी येऊन बसले. मग भिवराबाईंनी म्हटले, "भावोजी, मजला रुंद फळी पाहिजे." हे शब्द तोंडातून निघताना त्यांस फार जड गेले. बाजाबांनी हसावे, परंतु हसले नाहीत. ते म्हणाले, "पाहिजे. परंतु माझ्यासारखी नको. मी घळीत जे केले ते आपण पाहिलेत."

मग दोघे सरकारी कारखान्यात गेले. तेथील विसाजी मेस्त्री मोठा बोलका. जी फळी हातात घ्यावी ती त्याच्या मते सर्वोत्तम. "ही घ्या, हिजवर हत्ती तरेल. ही घ्या, हिजवर वारा बसेल. ही तर काय, हिचे नावच काढू नका." भिवराबाईंनी त्याचे ऐकिले, आणि सर्व फळ्या डोंगरावर नेविल्या, आणि एकेक पायी बांधून प्रथम मऊ बर्फात आणि मग घट्ट बर्फात उतरू लागल्या. पहिली फार रुंद. मऊ बर्फात सुख वाटले ऐसे की बाईंस बाजाबांचा हेवा वाटला. परंतु घट्ट बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यावयास गुडघा ऐसा पिळवटला की डोळ्यांत पाणी आले. दुसरी बेताची रुंद आणि हलकी, सावकाश जाता गोड वळे. परंतु वेग वाढला म्हणजे थरथर थरथर करी आणि कड सोडून देई. तिसरी जाड, पोलादाचा पत्रा घातलेली. कड ऐसी धरी की विचारू नये, परंतु नाक सरळ, म्हणोन मऊ बर्फात खाली खुपसे आणि बाई त्याजवरून पालथ्या पडत. संध्याकाळ जाहली. भिवराबाई म्हणाल्या, "जी तरते ती धरीत नाही, आणि जी धरते ती तरत नाही. भावोजी, ऐसी फळी जगात नसेल."

बाजाबा तिसऱ्या फळीच्या नाकावर बोट ठेवून म्हणाले, "हिचे नाक मात्र उचला. बर्फ फळीवर चढू पाहतो, नाक वर असले म्हणजे खाली सरकतो. पुढे पसरट ठेवा आणि थोडे आधीपासून उचला. तरण्याचे काम नाक करते, कंबर नव्हे. मी उगाच सगळी फळी झडप करून ठेविली."

हे ऐकून भिवराबाई सरळ बसल्या. मग त्यांनी दुसरी फळी, जी थरथरली होती, ती उचलिली, आणि ओले लुगडे पिळावे तैसी दोही हाती धरून पिळून पाहिली. फळी पिळली गेली. मग तिसरी पिळिली. ती हलेना. बाईंच्या तोंडावर हसू आले. "रुंदीचा दोष नव्हे! रुंद फळीची कड पायापासून दूर, म्हणोन तिला पीळ फार बसतो, आणि जी पिळते ती कड सोडते. न पिळणारी असली तर रुंदही कोरील." मग दोघे एकमेकांचे शब्द तोडीत बोलो लागले: कंबर चार बोटे आणि थोडी अधिक, त्याहून नको, म्हणजे गुडघा राहील, नाक पसरट आणि उचललेले, कुशींस खोल बाक, म्हणजे कलली की आपोआप वळेल, पायाखाली किंचित कमान, म्हणजे दाबिली की कड सगळी टेकेल, लाकडाचे दोन थर आणि मध्ये पोलादाचा पातळ पत्रा, आणि दोघींचे वजन म्हणोन लांबी थोडी जास्ती. विसाजी म्हणाला, "हेच मी सकाळपासून सांगत होतो."

ऐशा फळ्यांचे दोन जोड जाहले, आणि थोरल्या जोडावर भिवराबाईंच्या टाचांमागे राणीसाहेबांच्या पायांसाठी वाद्या ठोकिल्या. मग प्रश्न पडला की राणीसाहेबांस मागे घेऊन उतरणे कैसे साधावे. त्यांस अभ्यासासाठी दहादा पाडणे बरे दिसेना. तेव्हा बाजाबा राणीसाहेब जाहले. खांद्यावर शाल घेतली, वहिनींच्या कमरेचा शेला धरिला, आणि वाड्यामागील उतारावर दोघे निघाले. पहिल्या वळणावर बाजाबा डावीकडे, भिवराबाई उजवीकडे, आणि फळ्या मध्येच, दोघे बर्फात. "राणीसाहेब, मी झुकेन तिकडे झुकावे," भिवराबाई ओरडल्या. "भिवरे, आम्हांस हुकूम करतेस?" बाजाबा बारीक आवाज काढून बोलिले. वर खिडकीत खऱ्या राणीसाहेब उभ्या होत्या, त्यांनी महाराजांस पुसिले, "मी ऐसी दिसते काय?" महाराज म्हणाले, "शाल तीच आहे." आणि दोघे हसता हसता खाली बसले. त्या पौष मासात वाड्यात प्रथमच हसू आले होते.

मग दिवस निघाला. गडी माणसांनी राणीसाहेबांस घसरगाडीत बसवून ओढीत खिंडीच्या माथ्यास नेले. तेथून पुढे गाडी चालेना. राणीसाहेब उतरल्या, वाद्यांत पाय घातले, भिवराबाईंच्या कमरेस मिठी मारिली आणि डोळे मिटले. बाजाबा दुसऱ्या जोडावर, पाठीस लाडवांचा नवा डबा. भिवराबाईंनी शंभूचे नाव घेतले आणि फळ्या सोडिल्या. कुंडात शिरता नाकांनी बर्फ दुभंगला, फळ्या थोड्या बुडाल्या, बाईंचा जीव उडाला, आणि मग फळ्या वर आल्या आणि तरू लागल्या. दोही बाजूंस बर्फाची भुकटी खांद्यापर्यंत उडू लागली. राणीसाहेबांनी एक डोळा उघडिला, मग दुसरा. "अगं भिवरे, हे तर पिठात लोळल्यासारखे!"

मग घळ आली. बर्फ निळा दिसू लागला, फळ्यांचा आवाज बदलला, आणि पहिले वळण समोर. भिवराबाई आतल्या कड्याकडे कलल्या. आणि राणीसाहेबांनी खाली दरी पाहिली आणि भयाने दचकून उलट बाजूस अंग टाकिले. कड सुटली. फळ्या आडव्या घसरत काठाकडे निघाल्या. त्या क्षणी भिवराबाईंस ना राज्य आठवले ना मुजरा. "झुक! मजकडे झुक! दरीकडे बघू नकोस, माझ्या अंबाड्याकडे बघ!" आजवर राणीसाहेबांस ऐसे कोणी बोलिले नव्हते. त्यांनी अंबाड्यात तोंड खुपसले आणि सगळा भार टाकून तिकडे झुकल्या. कमान दबली, पोलाद पिळले नाही, कड करकरत बर्फात रुतली आणि फळ्या काठापासून वळल्या. दुसरे वळण दोघींनी मिळून घेतले. तिसरे त्याहून बरे. चौथ्या वळणावर राणीसाहेबांनी तोंड बाहेर काढून म्हटले, "इतके हळू का?" मागून बाजाबांची आरोळी आली, तेही आयुष्यात प्रथमच घळीत वळले होते आणि प्रत्येक वळणास ओरडून सांगत होते, "धरली! वहिनीसाहेब, हीही धरली!"

खाली सासरच्या वाड्यात कमळजेस कळा लागल्या होत्या, आणि ती आईच्या नावाने रडत होती. सासूबाई समजावीत होत्या की खिंड बंद आहे बाळ, आई कैसी येईल. तों अंगणात गलका जाहला, आणि दारात राणी गोजराबाईसाहेब उभ्या; भुवयांवर बर्फ, केस सुटलेले, एक बांगडी फुटलेली. "आले गं," इतकेच बोलिल्या आणि आत गेल्या.

भिवराबाई अंगणातच फळ्यांवर बसून राहिल्या. बाजाबांनी लाडू आणून हातात दिला. "वहिनीसाहेब," बाजाबा हळू म्हणाले, "त्या वळणावर मी डोळे मिटले होते." त्या म्हणाल्या, "मीही मिटावे ऐसे वाटले, भावोजी. परंतु मागे माणूस होते." मग आतून लहान, तिखट रडणे ऐकू आले, आणि लगोलग राणीसाहेबांचा खणखणीत आवाज, "मुलगी जाहली! भिवरा कोठे आहे? तिला आत आणा!" आत जाता कमळजेने मुलगी भिवराबाईंच्या ओटीत घातली आणि म्हटले, "मावशी, आई म्हणते तुम्ही तिला अगंतुगं केले." भिवराबाई लाजून चूर जाहल्या. राणीसाहेब म्हणाल्या, "केले म्हणून आज मी आजी आहे."

येणेप्रमाणे हेमलंबी संवत्सरी मोहीम फत्ते जाहली. चौकीवर पुढे तैशा फळ्यांचे आणखी जोड राहिले, राणीसाठी नव्हे, ज्या कोणाची लेक पलीकडे असेल तिच्या आईसाठी; आणि हिवाळ्यात आया खिंड उतरू लागल्या, आणि माहेरच लेकींकडे येऊ लागले. वहिनी आणि दीर यांचा वाद सरला नाही, तो आता नाक किती उचलावे याजवर चालतो. आणि खिंडीचे जुने नाव काय होते हे त्या मुलखात आज कोणास सांगता येत नाही. तिला सर्व लोक माहेरवाट म्हणतात. इति वर्तमान समाप्त.