जसं सापडलं तसं ठेवलेलं कासव

एका जंगलात, मुलांनो, हरवलेलं असं काहीच नव्हतं. पाणी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. फळं कुठे लागतात तेही माहीत होतं. वाघ दुपारी कुठे झोपतो हे तर बारक्या उंदरांनाही पाठ होतं. शोधायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे सगळे कंटाळले होते.

तेवढ्यात शहरातल्या पिंजऱ्यातून सुटून एक पोपट जंगलात आला. त्याने सांगितलं, शहरात माणसांनाही असाच कंटाळा येतो. मग ती एक डबा घेतात. त्यात एखादं बटण, एखादा मणी ठेवतात. तो डबा लांब डोंगरात नेऊन लपवतात. मग कुठे लपवला ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि बाकीचे तो शोधायला धावतात.

"सापडला की काय करतात?" कोल्ह्याने विचारलं.

"सही करतात आणि परत तिथेच ठेवतात."

"का?"

"पुढच्याला सापडायला."

हसू नका. जंगलात कुणीही हसलं नाही. सगळ्यांना ते एकदम पटलं आणि डबाशोधक मंडळ स्थापन झालं. अण्णासाहेब साळिंदर अध्यक्ष झाले, कारण सह्या करायला लागणारे काटे त्यांच्याच पाठीवर होते. शहरात डब्याची जागा आभाळातला उपग्रह सांगतो म्हणे. जंगलात उपग्रह नव्हता, पण घार होती. ती वरून फिरता फिरता ओरडायची, "पळसाच्या उगवतीला, कातळाच्या पायथ्याशी, खळग्यात." की सगळे निघाले.

आता आपल्या कासवाकडे येऊ. त्याचं नाव लिंबाजी. लिंबाजीला डब्यांशी काही देणंघेणं नव्हतं. उन्हाळा लागला होता, त्याचं डबकं आटलं होतं, आणि तो मोठ्या तळ्याकडे निघाला होता. त्याची बायको सगुणा पुढे गेली होती. लिंबाजीच्या गळ्यात शिदोरी म्हणून कमळाचा एक देठ अडकवलेला होता. कातळावरून उतरताना त्याचा पाय घसरला. तो गडगडत खाली आला आणि पायथ्याच्या खळग्यात उताणा पडला.

कासव उताणं पडलं की त्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाय हलतात, कासव हलत नाही. वर ऊन रणरणत होतं. कुणी येऊन पालथं केलं नाही, तर संध्याकाळपर्यंत आपण भाजून निघणार हे लिंबाजीला कळलं. तो घाबरला आणि मोठ्याने ओरडू लागला.

मंडळाने त्या खळग्यात कालच एक डबा लपवला होता. लिंबाजी नेमका त्या डब्यावर पडला होता. डबा पाठीखाली झाकला गेला होता. तेवढ्यात घारीने जागा जाहीर केली, आणि सगळ्यांच्या आधी कोल्हा धावत आला.

"सापडलं," कोल्हा म्हणाला. "आणि मी पहिला."

"देव पावला," लिंबाजी म्हणाला. "मला जरा पालथं कर बाबा."

कोल्ह्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मंडळात डब्यांना सोंगं देण्याची फार हौस होती. कुणी डबा दगडासारखा रंगवी, कुणी त्याला साल चिकटवी. पण हे काही औरच होतं.

"काय हुबेहूब केलाय," कोल्हा म्हणाला. "बोलतोसुद्धा."

"मी डबा नाही. मी कासव आहे."

"ते दिसतंच आहे रे. त्यातच तर मजा आहे."

मंडळाचा नियम होता, डब्यातून काही घेतलं तर काही ठेवायचं. कोल्ह्याने लिंबाजीच्या गळ्यातला देठ काढून खाल्ला आणि त्याच्या जागी एक बटण ठेवलं. मग साळिंदराचा काटा करवंदाच्या रसात बुडवून त्याने लिंबाजीच्या पोटावर सही केली. लिंबाजीला गुदगुल्या झाल्या. संकटात हसू येऊ नये, पण गुदगुल्यांना ते कुठून कळणार? कोल्ह्याने सहीखाली शेरा लिहिला, "डबा आनंदी आहे."

मग त्याने त्याच्यावर पालापाचोळा नीट पसरला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेला.

त्यानंतर रांगच लागली. ससे आले, मुंगूस आलं, दोन मोर सहकुटुंब आले. प्रत्येकाला लिंबाजी सापडला. प्रत्येकाला अतिशय आनंद झाला. लिंबाजीने प्रत्येकाच्या हातापाया पडायचा प्रयत्न केला, पण उताणं असताना पाया पडता येत नाही. ससे म्हणाले जागा छान आहे. मोरांनी शेरा लिहिला की डबा उत्तम आहे पण जरा कटकट करतो. संध्याकाळपर्यंत लिंबाजीच्या छातीवर गुंजा, मणी आणि एक फुटका कंगवा एवढी मालमत्ता जमली, आणि पोटात काहीच नव्हतं. एक मात्र कबूल करायला हवं. जो तो जाताना पाला पसरून जात असल्यामुळे लिंबाजी भाजून मेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंता माकडीण आली. ती मंडळात नवीन होती. वैद्यांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालायचा तिला कंटाळा यायचा.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर खरोखरचं कासव आहे. रडतंय बिचारं."

तिने दोन्ही हात लावले आणि लिंबाजीला पालथा केला. लिंबाजीच्या चारही पायांना माती लागली. त्याने डोळे मिटून घेतले. माती इतकी चांगली असते हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

"शेवंताबाई, हे काय करताय?" मागून अण्णासाहेब साळिंदरांचा आवाज आला.

"अहो, पडला होता तो."

"पडला नव्हता. ठेवला होता." अण्णासाहेब शांतपणे बोलत होते. रागावले की ते शांतपणेच बोलत, फक्त काटे उभे राहत. "उद्या लांबून कुणी येईल, घारीने सांगितल्या जागी पाहील आणि त्याला काही मिळणार नाही. त्याच्या मनाला काय वाटेल? जसं सापडलं तसं ठेवायचं. यावर तर आपलं मंडळ उभं आहे."

शेवंताबाई वरमली. लिंबाजीने पळून जायचा प्रयत्न केला, पण कासव पळून जाणार ते कितीसं? अण्णासाहेबांचं बोलणं संपेपर्यंत तो चार बोटं पुढे गेला होता. तिने त्याला उचललं, खळग्यात होता तसा उताणा ठेवला आणि वर पाला टाकला. "चुकले हं," ती म्हणाली. हे ती अण्णासाहेबांना म्हणाली.

तेवढ्यात तिथे गवा आला. भुजबा त्याचं नाव. चांगला डोंगराएवढा गडी. त्याने सहज एक धक्का दिला असता तरी लिंबाजी पालथा होऊन तळ्याच्या वाटेला लागला असता. लिंबाजीला पाल्यातून त्याचे खूर दिसले आणि त्याच्या जिवात जीव आला.

पण भुजबा मंडळाचा सभासद नव्हता. ज्यांना हा छंद नाही त्यांना मंडळात भाबडे म्हणत, आणि भाबड्यांना डब्याचा पत्ता लागू द्यायचा नाही असा नियम होता. भुजबाला पाहताच अण्णासाहेब आभाळाकडे बघू लागले. शेवंताबाई त्यांच्या पाठीतल्या उवा काढू लागली. साळिंदराच्या पाठीत हात घालणं सोपं नसतं, पण मंडळासाठी तिने तेही केलं.

"काय चाललंय?" भुजबाने विचारलं.

"काही नाही. हवा खातोय," अण्णासाहेब म्हणाले.

"मला पालथं करा रे," पाल्याखालून लिंबाजी ओरडला.

"कोण बोललं?"

"माझं पोट," अण्णासाहेब म्हणाले. "सकाळपासून गुरगुरतंय."

"पोट म्हणतंय, मला पालथं करा?"

"जुनं दुखणं आहे."

"मग ओवा खा," भुजबा म्हणाला आणि चरत चरत निघून गेला.

लिंबाजी रडला. मुलांनो, उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं. आपण इथेच वाळून जाणार आणि सगुणा तळ्याच्या काठी वाट बघत बसणार, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं.

शेवंताबाई गेली. अण्णासाहेब मात्र तिथेच बसले. त्यांना छंदाबद्दल बोलायला फार आवडायचं आणि घरी कुणी ऐकून घेत नसे. लिंबाजी उठून जाऊ शकत नव्हता. असा श्रोता त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

ते किती तरी वेळ बोलत होते. शेवटी म्हणाले, "शहरात आणखी एक प्रकार असतो. त्याला प्रवासी म्हणतात. त्याच्यावर कुठे जायचं ते लिहिलेलं असतं. तो ज्याला सापडेल त्याने तो पुढे पोचवायचा. प्रवाशाला पडून राहू देणं म्हणजे महापाप. आपल्या जंगलात अजून एकही आला नाही. एकदा तरी हाताळायला मिळावा, एवढीच इच्छा आहे."

लिंबाजीचे पाय हलायचे थांबले.

"अण्णासाहेब," तो म्हणाला, "मी डबा नाही."

"परत सुरू झालं तुझं."

"मी प्रवासी आहे. मला मोठ्या तळ्याला जायचंय."

"पुरावा?"

"पाठीवर आहे. मी उताणा आहे, म्हणून कुणाला दिसला नाही."

अण्णासाहेबांनी लिंबाजीला अलगद पालथा केला. कासवाच्या पाठीवर जे चौकोन असतात ते असतातच. पण अण्णासाहेबांनी ते पाहिले आणि त्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"नकाशा," ते म्हणाले.

खळग्यात खरा डबा चेपून पडला होता. तो दिसताच ते पुटपुटले, "लोक कुठेही कचरा टाकतात," आणि त्यांनी तो लांब फेकून दिला.

पुढचं सगळं थाटात झालं. सबंध मंडळ जमलं. लिंबाजीला पळसाच्या पानांवर बसवून, खांदे बदलत बदलत तळ्यावर नेण्यात आलं. ज्याने त्याने वाटेत त्याला खायला घातलं, कारण प्रवाशाची काळजी घ्यायची असते. काठावर सगुणा उभी होती. त्याला काय काय बोलायचं याची दोन दिवसांत तिची चांगली तयारी झाली होती.

"कुठे होतात?" तिने विचारलं.

"सापडत होतो," लिंबाजी म्हणाला.

तो पाण्यात शिरला. त्याने पोटभर शेवाळ खाल्लं. सह्या मात्र धुतल्या गेल्या नाहीत, करवंदाचा डाग पक्का असतो. आपण वाचलो या आनंदात त्याने रोज सगुणेला सगळी हकिगत सांगितली. मंडळाला त्याने यथेच्छ शिव्या घातल्या. सगुणा रोज ऐकायची आणि म्हणायची, "बरं, आता जेवा."

पण मुलांनो, तळ्यावर कुणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो दिसला म्हणून एकही बेडूक नाचला नाही. खळग्यात त्याला बघून प्रत्येकाचा चेहरा कसा उजळायचा, ते लिंबाजीला अधूनमधून आठवू लागलं. एक दिवस अण्णासाहेब आले आणि त्याला मानद सभासद केल्याचं सांगून गेले. लिंबाजीने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो नुसतं बघायला म्हणून गेला. केवड्याच्या मुळाशी त्याला एक डबा सापडला, आणि त्याला जे काही वाटलं ते सगुणेला समजावून सांगता येणार नाही, हे त्याला लगेच कळलं.

मग त्याला घर दिसेना. सगुणा म्हणे शेवाळ आणा, तर हा करंजाच्या ढोलीत. सगुणा म्हणे तुमची बहीण आलीय, तर हा कातळावर. महिन्याभरात तो मंडळाच्या कार्यकारिणीवर गेला.

एका दुपारी घरातलं शेवाळ संपलं म्हणून सगुणा स्वतःच निघाली. काठावरच्या दगडांवरून तिचा पाय घसरला आणि ती दोन दगडांच्या मध्ये उताणी पडली. ऊन रणरणत होतं. तिने हाका मारल्या. लिंबाजी जवळच एक डबा शोधत होता. तो आवाजाच्या रोखाने आला.

"सापडलं," तो म्हणाला.

"बरं झालं तुम्हीच आलात," सगुणा म्हणाली. "आधी मला पालथं करा."

लिंबाजी तिच्याकडे पाहत राहिला. ते ऊन, ती भूक, कानात गेलेलं ते पाणी, सगळं त्याला आठवलं. त्याचे डोळे भरून आले. तो लगबगीने गेला आणि चांगला ओला, गार पाला घेऊन आला. त्याच्यावर कुणीही पसरला नसेल इतक्या मायेने त्याने तो तिच्या अंगावर पसरला.

"अहो, पाला नको. पालथं करा."

"जसं सापडलं तसं ठेवायचं असतं, सगुणे."

सगुणेने ती हकिगत शंभर वेळा ऐकली होती. "मी प्रवासी आहे," ती म्हणाली. "मला घरी जायचंय. नकाशा पाठीवर आहे."

"ते आता चालत नाही," लिंबाजी म्हणाला. "त्यातून पळवाट निघत होती. परवाच ठराव झाला. मीच मांडला."

त्याने काटा काढला, रसात बुडवला आणि सही करायला कोरी जागा पाहिली. जागा भरपूर होती. तो पहिलाच होता.

"अहो," सगुणा म्हणाली, "मी तुमची बायको आहे."

"हो तर," लिंबाजी म्हणाला. "ते शेऱ्यात लिहितो."

तात्पर्य : संकटात सापडलेल्याला मदत करून मोकळं होणं हा निव्वळ स्वार्थ आहे. आपल्यामागून येणाऱ्यांनाही तो सापडायला हवा, याचा विचार करावा.