सगळ्यात वरच्या चौकटीत आई

माणसं कशी सांभाळायची, हे मला विचारा! बढतीसाठी मी नोकरी सांभाळून लोकप्रशासनाचं एम.ए. करतेय. सार्वजनिक वित्ताचा पेपर मला रडवतो, पण 'संघटनात्मक वर्तन' म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान प्रकल्प हाती घेईपर्यंत मी तसं समजत होते.

एखाद्या संघटनेची रचना तक्ता काढून दाखवायची होती. मी आमच्या दिवाळे गावचा मासळी बाजार निवडला. माझी सासू सगुणा, म्हणजे आमची आई, तिथे तीस वर्षं बसते. तिचा आवाज सगळ्यात मोठा, म्हणून तिला सगळ्यात वरच्या चौकटीत टाकलं. खरं सांगू? आई खूश असली की पोरीला सांभाळते आणि मला अभ्यासाला मोकळीक मिळते, हाही विचार होताच. तिच्या शेजारी बसणारी संध्याकाकी गेली खालच्या चौकटीत.

आईने तक्ता पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात आपल्या जागेमागे टांगला!

"मी हिचे खाली?" संध्याकाकी कडाडली. "कदीपासून?"

"शिकलेल्या मान्सांनी लिवलंय, संध्ये," आई म्हणाली.

झालं! तिथली रीत अशी, की एक उठली तर शेजारची तिची मासळी विकते. आईचा गुडघा दुखतो, म्हणून तिचा बर्फही रोज काकीच आणायची. त्या दिवसापासून दोन्ही बंद. आई चहाला गेली आणि गिऱ्हाइकाने पापलेटचा भाव विचारला, की काकीचं एकच उत्तर, "साहेबांना इचारा. मी खालची हाय!"

मी घाईघाईने दुसरा तक्ता नेला. दोघी एकाच ओळीत.

"मंग हिचं नाव पयलं कशाला?" काकी म्हणाली.

तिसरा तक्ता गोल काढला. "मधी कोन?" हे मात्र दोघींनी एकदम विचारलं!

चौथ्या दिवशी आई हट्टाने स्वतःच बर्फ आणायला गेली आणि ओल्या पायरीवरून घसरली. फोन आला तशी मी ऑफिसातून धावत सुटले. वाटभर एकच टोचत होतं, की चार गुणांसाठी मी तीस वर्षांची मैत्री मोडली.

पोचले तर आई काकीच्या पाटावर पाय पसरून बसलेली, गुडघ्यावर मासळीतलाच बर्फ. काकी दोघींच्या टोपल्या सांभाळत तिला झापत होती. "बरफ आनायला मी मेले व्हते काय गो?" आई रडत होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरून आले.

"काकी, तक्ते कुठे गेले?" मी हळूच विचारलं.

"सुके बोंबील बांधले त्यांत. तिनी कागद गेले सीवूड्सच्या गिऱ्हाईक बाईसंगती."

प्रकल्पात मी शेवटी एवढंच लिहिलं, 'इथे वर कुणी नाही, खाली कुणी नाही. एक उठली की शेजारची विकते.' इतकं खरं वाक्य मी आजवर कुठल्याच उत्तरपत्रिकेत लिहिलं नव्हतं.

सरांचा शेरा आला, 'निरीक्षण उत्तम. तक्ता जोडलेला नाही. दहा गुण वजा.'

सीवूड्सच्या त्या बाईंनी हे वाचलं, तर कृपया एक तरी कागद परत करावा. वास आला तरी चालेल!