चौदाशे तेरा

"आज जर एकही माणूस आला नाही ना लिओनार्ड, तर गुरुवारची फेरी बंद. गाइडमंडळाच्या समितीनं ठरवलंय," प्रुडन्स क्रॉदरबाईंनी सकाळीच फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं." आमच्या ऑर्मचेस्टरात आधी गळा कापतात, मग दुखलं का म्हणून विचारतात.

लिओनार्ड टॅपस्कॉटने फोन ठेवला आणि बूट पुसायला घेतले. बायको गेल्यापासून बूट पुसायला आठवड्यात एवढं एकच कारण उरलं होतं. दर गुरुवारी अकरा वाजता कॅथेड्रलच्या पश्चिम दरवाजाशी छत्री उंच धरून उभं राहायचं, जमलेल्यांना जुनं गाव फिरवायचं, बिशपांच्या भानगडी सांगायच्या आणि घरी येऊन गार सूप प्यायचं. पूर्वी बरी गर्दी व्हायची. मग एका तरण्या पोराने भुतांची फेरी सुरू केली. उंच काळी टोपी, मागे शेपट्या असलेला काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. लोक बिशप सोडून भुतांच्या मागे गेले. लिओनार्डला त्या टोपीची एवढी चीड होती, की दुकानाच्या काचेत तशी टोपी दिसली तरी तो रस्ता ओलांडायचा.

टिकून राहिलं होतं एकच गिऱ्हाईक, आणि तेही डोकेदुखी. तपकिरी टोपीतला एक म्हातारा दर गुरुवारी यायचा तो फक्त चुका काढायला. लिओनार्ड म्हणायचा, "हा मनोरा चौदाशे चौदा साली वादळात कोसळला." लगेच मागून नाक ओढल्याचा आवाज, आणि "तेरा. चौदाशे तेरा." लिओनार्डने एकदा घरी जाऊन पुस्तकं धुंडाळली होती. म्हातारा बरोबर होता. तेव्हापासून लिओनार्ड निव्वळ खुन्नस म्हणून चौदा म्हणत आला. त्याचं नाव त्याने कधी विचारलं नाही. आमच्याकडे पाच-सहा वर्षांच्या ओळखीवर नाव विचारणं म्हणजे अंगचटीला येणं. आणि गेले काही गुरुवार तोही फिरकला नव्हता. 'गेला असेल मेला भुतांकडे,' लिओनार्डला वाटलं, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, की हे त्याला बरंच लागलं होतं.

नोव्हेंबरचा पाऊस पडत होता, म्हणजे आकाश गळकं होऊन गावावर टेकलं होतं. लिओनार्डने गाइडचा पिवळा पट्टा चढवला आणि वरून काळा ओव्हरकोट घातला. पिवळी छत्री वाऱ्याने मोडली होती, म्हणून काळी घेतली. पश्चिम दरवाजाशी पोचला आणि जागच्या जागी थबकला. तिथे घोळका उभा होता. चांगला मोठा. काळे कोट, काळ्या छत्र्या, सगळे शांत. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता.

आता लिओनार्डला ठाऊक नव्हतं ते सांगून टाकतो. घोळका हाउसगो कुटुंबाचा होता. मागच्या गल्लीतल्या छोट्या चर्चमध्ये घरच्या कर्त्या माणसाचा अंत्यविधी होता. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्यांचा त्यांना निरोप असा होता, की अकरा वाजता पश्चिम दरवाजाशी जमा. काळ्या कोटातला आमचा माणूस येईल, पुढे चालेल, त्याच्या मागून या. आमच्याकडे प्रेतयात्रेपुढे असा माणूस चालतो आणि लोक तोंड मिटून मागे जातात. तो खरा माणूस त्या वेळी शववाहिकेसह बाजारगल्लीत मासेवाल्याच्या गाडीमागे अडकला होता.

"अकराची मंडळी ना?" लिओनार्डने विचारलं. आनंदाने त्याचा आवाज चिरकला.

"हो," पुढची बाई म्हणाली. ती होती म्युरियल हाउसगो.

"सगळे आलेत? मग निघू या." त्याने छत्री उंचावली आणि नेहमीचा विनोद केला. "आणि एवढी तोंडं पाडू नका हो, कुणी मेलंय का?"

कुणीतरी खोकलं. परदेशी पाहुणे त्याच्या विनोदांना हसत नसत, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही.

फेरी सुरू झाली. घोळका चर्चच्या दिशेने न जाता उलटा नदीकडे वळला, तेव्हा म्युरियलच्या मुलाने, रॉडनीने, तिच्या कानाशी कुजबुज केली. "आई, चर्च त्या बाजूला आहे."

"गप्प बस. तुझ्या बाबांनीच काहीतरी ठरवून ठेवलं असणार. त्यांचा स्वभाव माहिती नाही का तुला?"

"विचारू का त्यांना?"

"चारचौघांत? काय म्हणतील ते!"

मग कुणीच विचारलं नाही. मागचे पुढच्यांच्या भरवशावर चालत राहिले, पुढचे लिओनार्डच्या.

लिओनार्ड भलताच रंगात आला. प्लेगच्या खड्ड्यापाशी तो म्हणाला, "इथे अख्खं गाव झोपलंय, पण शेजाऱ्यांची तक्रार कुणाचीच नाही." एक बाई हुंदके देऊ लागली. प्लेगवर रडणारं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिचा हात थोपटून तो म्हणाला, "काळजी करू नका, शेवटी सगळे इथेच यायचे." तेव्हा आणखी दोघांनी रुमाल काढले. चौकातल्या चहाच्या दुकानातून क्रॉदरबाई काचेला नाक लावून बघत होत्या. लिओनार्डने त्यांना वाकून नमस्कार केला.

मनोऱ्याखाली तो थांबला. "हा मनोरा चौदाशे चौदा साली वादळात कोसळला." आणि सवयीने गप्प राहिला. मागून कुणी नाक ओढलं नाही. ती शांतता त्याला नको वाटली. घोळक्यातले लोक मात्र एकमेकांकडे बघू लागले, आणि अखेर म्युरियल हळूच म्हणाली, "तेरा. चौदाशे तेरा."

लिओनार्ड काही बोलणार, तोच कोपऱ्यावरून एक गृहस्थ धापा टाकत आला. उंच काळी टोपी, शेपट्यांचा कोट, चांदीच्या मुठीची काठी.

"मंडळी, चला, चला माझ्याबरोबर!"

लिओनार्डच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! दिवसाढवळ्या? लाज नाही वाटत? ही माझी माणसं आहेत!"

"साहेब, ही माझी माणसं आहेत. तिकडे केव्हाची वाट बघणं चाललंय."

"कोण बघतंय वाट? तुमचं भूत?"

गृहस्थ घुटमळला. "म्हणजे... एका अर्थी तसंच म्हणायचं. शवपेटी चर्चमध्ये पोचली, साहेब. बर्नार्ड हाउसगो. आणि पाद्रीबाबा सोडले तर त्यांच्याजवळ कुणी नाहीये."

प्रेतयात्रेपुढे चालणारा माणूसही असाच टोपी-काठी घेऊन येतो, हे लिओनार्डला आता आठवलं आणि त्याने छत्री खाली घेतली. ओव्हरकोटाचं बटण सोडून त्याने आतला पिवळा पट्टा दाखवला.

म्युरियल पट्ट्याकडे बघत राहिली. "तुम्ही गुरुवारवाले?"

"मी... हो. बाई, मला माफ करा, मला कल्पना..."

"बर्नार्ड तपकिरी टोपी घालून यायचा बघा. घरी येऊन म्हणायचा, 'आजही चौदाच म्हणाला, गाढव.'" तिने रुमालाने नाक पुसलं. "शेवटी शेवटी अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी गुरुवार आला की विचारायचा, 'त्याच्याकडे कुणी गेलं असेल का गं? पावसात एकटाच उभा असेल.'"

ज्या माणसाला लिओनार्ड इतकी वर्षं शत्रू समजत होता, त्याच्याइतकी आपली आठवण जगात कुणीच काढली नाही, हे भर पावसात त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात क्रॉदरबाई छत्री सावरत पोचल्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "लिओनार्ड, तुम्ही अंत्ययात्रा पळवलीत? ही उसनी गर्दी धरायची नाही हं. फेरी बंद म्हणजे बंद. वाईट वाटून घेऊ नका."

लिओनार्डने वाद घातला नाही. सगळ्यांच्या मागून तोही चर्चमध्ये गेला आणि शेवटच्या बाकावर ओला कोट आवळून बसला. पेटीवर ती तपकिरी टोपी ठेवलेली होती.

पाद्री नवा होता. बर्नार्डला त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून बिचारा गावाची माहिती वाचून आला होता. "बर्नार्ड यांचं आपल्या मनोऱ्यावर फार प्रेम," तो म्हणाला. "तोच मनोरा, जो चौदाशे चौदा साली..."

"तेरा!"

लिओनार्ड उभा होता. आपण केव्हा उठलो, ते त्यालाही कळलं नाही. अंत्यविधीत मधे बोललेला माणूस ऑर्मचेस्टरात कुणी पाहिला नव्हता. बाक करकरले आणि सगळे मागे वळले.

"पण मी तर गाइडमंडळाच्या माहितीपत्रकातून..." पाद्री गोंधळला. "लेखक एल. टॅपस्कॉट."

"त्याला काय कळतंय?" लिओनार्ड म्हणाला. त्याने जोरात नाक ओढलं. "चौदाशे तेरा."

म्युरियल पहिल्या बाकावरून उठली, मधल्या वाटेने सरळ त्याच्यापाशी आली. पाद्री थांबला. शवपेटीतल्या बर्नार्डलाही घाई नव्हती.

"पुढच्या गुरुवारी अकरालाच ना?" तिने विचारलं.

"बंद झाली हो ती, बाई."

"होऊ दे. मी येऊन उभी राहीन दरवाजाशी." ती परत जायला वळली आणि थांबली. "तुम्ही मात्र चौदाच म्हणा."