परमेश्वराच्या हातातलं तिकीट

विद्यापीठाच्या उपकेंद्रात नेट गेलं, प्रिंटरमध्ये कागद अडकला, प्रोजेक्टर ऐनवेळी रुसला की सगळ्यांच्या तोंडी एकच हाक असायची, "परमेश्वराला बोलवा." हा परमेश्वर देव्हाऱ्यातला नव्हे. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा, संगणक कक्षात कंत्राटावर लागलेला, खिशात कायम दोन-तीन पेनड्राइव्ह घेऊन फिरणारा तरुण. दरवर्षी मुख्यालयातून त्याची ऑर्डर नव्यानं निघायची. यंदा त्या ऑर्डरवर नोकरीखेरीज लग्नही अडकून बसलं होतं. कुरुंद्याच्या ग्यानबांच्या मुलीशी, साधनाशी, त्याची सुपारी फुटली होती आणि ग्यानबांनी चार माणसांत सांगून टाकलं होतं, "ऑर्डर हातात आली की दुसऱ्या दिवशी तारीख काढू." ग्यानबांची हळद जशी चोख, तसा शब्दही. म्हणजे ऑर्डर नाही तर तारीख नाही, हेही तितकंच चोख.

तर मुख्यालयानं यंदा नवीन टूम काढली. ज्या कक्षाकडे काम आहे त्याचीच ऑर्डर निघेल, आणि काम किती आहे ते नव्या प्रणालीतल्या तिकिटांवरून ठरेल. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. तक्रार आली की तिकीट उघडायचं, काम झालं की बंद करायचं, की तक्रारदाराच्या फोनवर आपोआप संदेश जातो.

"तुम्ही बघाच सर, आठवड्यात तिकिटांचा ढीग लावतो," परमेश्वरानं उपकेंद्राच्या संचालकांना ऐकवलं.

प्रणाली त्यानंच बसवली. संदेश त्यानंच लिहिले, तेही अगदी गोड शब्दांत. सेवा कशी वाटली म्हणून तक्रारदारानं एक ते पाच तारे द्यायचे होते. तिथं त्यानं थोडी हुशारी करून ठेवली. माणूस कितीही तारे दाबो, नोंद पाचाचीच होणार. आणि सगळ्यात पहिलं तिकीट त्यानं स्वतःचंच काढलं, थेट मुख्यालयाकडे. विषय, कंत्राटाचं नूतनीकरण. हात झटकून तो खुर्चीत असा काही टेकला की जणू लग्नाचा मांडव उभाच राहिला.

पण प्राध्यापक मंडळी कसली तिकिटं काढतात! ती आपली व्हरांड्यातून ओरडणार, "अरे परमेश्वर, नेट गेलं रे." तो म्हणायचा, "सर, तिकीट काढा." सर म्हणायचे, "आधी नेट आण, मग बघू." दोन दिवस झाले तरी प्रणालीत एकच तिकीट, तेही त्याचं स्वतःचं. शेवटी त्यानं उपकेंद्राबाहेरच्या लोकांनाही सेवा द्यायचं ठरवलं आणि फोनवर स्टेटस टाकलं, 'तिकीट आता परमेश्वराच्या हातात. ओळख, शिफारस चालणार नाही. भेटा, संगणक कक्ष, उपकेंद्र.'

आपल्या विनोदावर तो खूश होऊन हसत होता, तोवर ग्यानबांचा फोन आला.

"पाव्हणं, स्टेटस बघितलं तुमचं. खरंय का ते?"

"खरंय की मामा. समदा कारभार माझ्याकडं आलाय."

"वरच्यांनी दिला?"

"व्हय, लेखी दिलाय."

"आन इथले बाकीचे पुढारी?"

परमेश्वराला वाटलं, मामा प्राध्यापकांना पुढारी म्हणतायत. त्यात तसं चूकही काही नव्हतं. "त्यांचं आता कोण ऐकतंय, मामा? माझ्याकडं नोंद न्हाई तर काईच न्हाई. किरकोळ असलं तर मी इथंच निकाल लावतो, मोठं असलं तर वर पाठवतो."

 ग्यानबा आवाज खाली आणून म्हणाले, "आमची तकलीफ तुमाला ठाव हाय. तीनदा झालं. आमचं नाव पक्कं व्हतंय, आन शेवटाला यादीत दुसऱ्याचंच येतंय."

"ऑनलाइनला असंच व्हतंय, मामा," परमेश्वर म्हणाला. त्याच्या डोक्यात पीकविम्याची यादी. "तुमचं नाव आत्ताच टाकतो. प्रायॉरिटी हाय."

"ते काय असतंय?"

"समद्यांच्या वर."

"परमेश्वरा," ग्यानबा म्हणाले, आणि ही हाक जावयाला होती की देवाला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच वर्षांनी झेडपीची निवडणूक लागली होती आणि अख्ख्या जिल्ह्यात तिकीट या शब्दाला तेवढा एकच अर्थ उरला होता. एसटीत कंडक्टरनं "तिकीट, तिकीट" म्हटलं तरी मागच्या बाकावर दोघं-तिघं सावरून बसायचे. आणि ग्यानबा कुरुंदा गटातून तीन निवडणुका इच्छुक होते. हे सगळ्या जगाला माहीत होतं. फक्त परमेश्वर संगणकाच्या तोंडाला तोंड लावून बसलेला, त्यामुळे त्याच्या कानावर काही गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक कक्षापुढे जीपगाड्यांची रांग. खादीचे सदरे, नारळ, शाली. पहिलाच माणूस हट्ट्याचा प्रभू, मागं दहा-बारा पोरं.

"साहेब, आमच्या हट्ट्याचं बघा."

"काय अडचण आहे?"

"आधीचा हाय ना, तो लै तंग करून राहिला. कामाचं काई करत न्हाई, नुसता जागा अडवून बसलाय."

"व्हायरस असेल," परमेश्वर टाइप करत म्हणाला.

"व्हायरसच हाय तो, बराबर बोलले." प्रभूनं मागं वळून पोरांकडं बघितलं. साहेब जाणकार निघाले, अशी ती नजर.

"मग जुनं सगळं काढून नवीन टाकावं लागेल. फॉरमॅटच मारावा लागतोय."

"मारा साहेब. आमी हाव मागं."

परमेश्वरानं 'हट्टा, व्हायरस' असं लिहून तिकीट उघडलं. प्रभूच्या फोनवर टिंग वाजलं, 'आपले तिकीट उघडण्यात आले आहे.' प्रभूनं फोन कपाळाला लावला आणि पोरांनी परमेश्वराच्या गळ्यात शाल घातली. लोकांना संगणकाचं इतकं वेड आहे हे बघून परमेश्वराचा ऊर भरून आला. दुपारपर्यंत तिकिटांचा आकडा असा चढला की मुख्यालयातला आकडे दाखवणारा पडदासुद्धा चकित झाला असता. ग्यानबाही आले होते. ते रांगेत उभे राहिले नाहीत, जावयाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवून नमस्कार घेऊ लागले.

मग तांड्यावरून पारुबाई आल्या. बाई राजकारणात नव्या, पण चांगल्या ठाम. तिकिटाचा संदेश आला तसं त्यांनी विचारलं, "आन चिन्ह कवा मिळंल?"

"कसलं चिन्ह?"

"आता मतदानाला उभं ऱ्हायचं तर चिन्ह नको का? का लोकांला नुसतं बोट दाखवू?"

परमेश्वराची बोटं कळफलकावर जागच्या जागी गोठली. मतदान. त्यानं पडद्यावरची नावं वरपासून पुन्हा वाचली. हट्टा, कुरुंदा, तांडा, सेनगाव. ही सगळी माणसं झेडपीच्या उमेदवारीला आली होती.

तेवढ्यात संचालक दारात. "परमेश्वर, हे काय चाललंय? आचारसंहिता लागलीय आणि उपकेंद्रातून तिकीटवाटप? कलेक्टर ऑफिसातून मला फोन आलाय. आत्ताच्या आत्ता हे सगळं बंद करा."

भेदरलेला माणूस नेमकं सांगितलं तेवढंच करतो. परमेश्वरानं सगळी तिकिटं एकदम निवडली आणि बंद करायचं बटण दाबलं.

व्हरांड्यातले सगळे फोन एकदम टिंग झाले. 'आपले तिकीट बंद करण्यात आले आहे. आपले समाधान हाच आमचा आनंद. कृपया तारे द्यावेत.'

 आपल्या जिल्ह्यात एवढी माणसं एका जागी गप्प उभी असलेली संचालकांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असतील. मग प्रभूचा आवाज आला. "कापलं? आन वरून ह्यांला आनंद झालाय?"

"सकाळी देतो आन दुपारी कापतो," कुणीतरी म्हणालं, "ह्याच्यापक्षी आपला पक्ष बरा. तो निदान आठ दिस ताटकळत ठिवतो."

पोरं दाराशी दाटली. संचालक कपाटाच्या आड सरकले. पण परमेश्वराचं लक्ष तिकडे नव्हतंच. शेजारच्या खुर्चीत ग्यानबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग उपरणं खांद्यावर टाकून ते उठले.

"मामा, थांबा..."

"काहून थांबू? दुसऱ्यांनी कापलं ते तीनदा सोसलं, पाव्हणं. आता घरच्यानंच कापलं." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तारखेचं आता बघायचं काम न्हाई."

 एवढ्या महिन्यांत साधनाशी फोनवर बोललेलं सगळं, तिनं पसंत केलेली साडी, सगळं त्या एका वाक्यात गेलं. परमेश्वरानं पुढचा-मागचा विचार केला नाही. सगळी तिकिटं पुन्हा निवडली आणि शेजारचं बटण दाबलं.

टिंग. 'आपले तिकीट पुन्हा उघडण्यात आले आहे. आपल्यालाच प्राधान्य.'

त्यानंतर जे झालं ते उपकेंद्राच्या इतिहासात लिहिलं जाणार नाही, याची काळजी संचालकांनी घेतली. ग्यानबांनी जावयाला मिठी मारली. प्रभूच्या पोरांनी फटाक्याची माळ जागेवरच पेटवली. पारुबाईंनी परमेश्वराच्या कपाळाला एवढा गुलाल फासला की त्याला डाव्या डोळ्यानं दिसेना. जीपा सुटल्या. थोड्या वेळानं जिल्ह्यात गावोगाव डीजे वाजू लागले. एकट्या हट्टा गटात चौघांना तिकीट मिळालं होतं, आणि चौघांनाही प्राधान्य.

खरं सांगायला कुणीतरी जायलाच हवं होतं. उन्हं कलायच्या आत परमेश्वर मोटारसायकलवर कुरुंद्याला पोचला. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली, आणि तिच्या कडेनं गुलालानं लाल झालेली माणसं उठून निघालेली. ग्यानबा गळ्यात हार घालून बाजेवर बसले होते. साधना पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं परमेश्वराचा चेहरा बघितला आणि तिथंच उभी राहिली.

"मामा," परमेश्वर म्हणाला, "ते तिकीट ते न्हाई."

"मंग कोणतं?"

"प्रिंटरचं."

ग्यानबांनी गळ्यातला हार सावरला.

"म्हंजे प्रिंटर बिघडला, नेट गेलं, की काढायचं तिकीट हाय ते. तक्रारीचं."

"म्हंजे मी प्रिंटर?"

"न्हाई मामा, तुमी तक्रार."

साधनानं पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते परमेश्वराला कळेना, आणि विचारायची ती वेळ नव्हती. ग्यानबांनी हार काढला. मांडीवर ठेवला. एकेक झेंडू चाचपून बघू लागले, जणू त्यातला एखादा तरी खरा निघेल. इतका मोठा माणूस असा बसलेला परमेश्वराला बघवेना. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात टिंग वाजलं.

ग्यानबांचे कान आता या आवाजाला तयार झाले होते. "कुणाचं कापलं?"

परमेश्वरानं फोन काढला. बघितला. आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की साधनाच पुढं झाली. फोन तिनं घेतला आणि मोठ्यानं वाचला, "आपले तिकीट बंद करण्यात आले आहे. आपले समाधान हाच आमचा आनंद. विषय, कंत्राटाचे नूतनीकरण. शेरा, उपकेंद्राची तिकिटे ढीगभर, सुटलेले एकही नाही. सबब नूतनीकरण शक्य नाही."

"म्हंजे ऑर्डर?" ग्यानबांनी विचारलं.

"न्हाई आली, मामा."

आनंद हा शब्द आपण तिथं का लिहिला असेल, असं परमेश्वराला पहिल्यांदाच वाटलं. सकाळपासून किती माणसांनी तो असा वाचला असेल. तो उठला. सोयरीक मोडली हे ग्यानबांच्या तोंडून ऐकायच्या आत गाडीला किक मारावी, असा त्याचा बेत होता.

"बसा," ग्यानबा म्हणाले. ते बराच वेळ त्याच्याकडे निरखून बघत होते. तिकीट कापल्यावर तीनदा आरशात बघितलेलं आपलंच तोंड त्यांनी ओळखलं असावं. "आमचंबी कापलं. तुमचंबी कापलं. आता बराबर सोयरीक जमली. साधना, कॅलेंडर आन."

"आबा, पर ऑर्डर..."

"ऑर्डर निघंल नायतर न्हाई निघणार. आमी काय तिकिटावाचून जगलो न्हाई?"

साधना आत पळाली. कॅलेंडर भिंतीवरून काढताना खिळाही निघून आला, तेवढी तिला घाई झाली होती. परमेश्वराच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाल गेलाय डोळ्यात, असं तो म्हणाला, आणि कुणी ते खोडून काढलं नाही.

ग्यानबांनी फोन हातात घेतला. "आन हे खाली तारे कशाचे?"

"सेवा कशी वाटली ते सांगायचं, मामा."

"एकच दाबा. कळू द्या त्यांला."

परमेश्वर जरा चुळबुळला. पण सासऱ्याचा पहिलाच शब्द मोडायचा कसा? त्यानं एकच तारा दाबला. लगेच उत्तर आलं, 'आपण दिलेल्या पाच ताऱ्यांबद्दल मनःपूर्वक आभार.'

"पाच?" ग्यानबांनी भुवया वर केल्या. "दाबला तर एकच."

"मशीनमधी बिघाड असंल, मामा," परमेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला.

"मंग काढा की तिकीट," ग्यानबा म्हणाले.