बोरसे नानांचे पंखे

कॉम्प्युटर उघडायचा असला की बोरसे नाना आधी त्याची वायर भिंतीतून आणि पेटीतून, दोन्हीकडून उपसून काढत आणि स्वतःच्या गळ्यात घालत. एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, छातीवर लोंबणारं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, डॉक्टर आले. जवळ आल्यावर खाकी सदरा, खिशात चार पेचकस आणि नाकाच्या टोकावर घसरलेला चष्मा दिसायचा.

"ही वायर माझ्या गळ्यात शे तोवर कोणाच्या बापाले बटण दाबता येणार नाही," असं ते प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगत.

एकदा काम संपवून ते वायर गळ्यात तशीच ठेवून स्टँडवर गेले आणि एसटीनं धुळ्याला पोहोचले. आमचा कॉम्प्युटर संध्याकाळभर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं नाना वायर परत घेऊन आले. गळ्यातच घालून. "कंडक्टरनं विचारलं, काय शे हे? मी म्हटलं, सुरक्षा."

हे व्यक्तिचित्र मी फार उशिरा लिहिते आहे. तेव्हा लिहायला हवं होतं, किंवा निदान बोलायला तरी.

नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. जळगावात पारसशेठच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचे. माझी ती पहिलीच नोकरी. वडिलांची गिरणी बंद पडलेली, पाठच्या दोन बहिणी शाळेत. शेठनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून दोन कॉम्प्युटर घेतले होते आणि त्यांच्यासाठी मागची खोली पडदे लावून सजवली होती. त्या खोलीत चपला घालून जायला बंदी. कॉम्प्युटरवर मखमली झूल. रोज सकाळी हळदकुंकू आणि अगरबत्ती.

पण मार्च सरला की जळगावचं ऊन कुणाची पूजा मानत नाही. दुपारी एकच्या सुमारास यंत्र तापायचं आणि त्याचा पडदा गोठायचा. पत्रिका 'चि. सौ. कां.' पर्यंत यायची आणि पुढे नवरीचं नाव यायचंच नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, धुळ्याला देवपुरात एक बोरसे नाना आहेत, आधी कूलरच्या जळलेल्या मोटारींत तार भरायचे, आता कॉम्प्युटर करतात. गरम होणाऱ्या वस्तूंमधलं त्यांना कळतं.

नाना आले ते मांडीवर पंखा घेऊन. पंजाएवढा, चौकोनी, काळा. बसच्या खिडकीबाहेर धरून तो वाऱ्यावर नीट फिरतो की नाही हे त्यांनी पारोळ्यापासून तपासत आणलं होतं. शेजारी बसलेल्या बाईनं म्हणे जागा बदलून घेतली.

खोलीच्या दारात शेठ आडवे आले. "नाना, चप्पल बाहेर."

"रबरी शे," नाना म्हणाले.

"कसलीही असू द्या. आत मशीन आहे."

"म्हणूनच तर घातली ना! विजेचं काम अनवाणी करू का? शेठ, तुम्हीपण घाला. या ऑपरेटरबाईलेपण घालायला लावा."

त्या दिवसापासून आम्ही चपला घालून आत जायला लागलो. मखमली झूल नानांनी घडी करून आपल्या पिशवीत टाकली, ती परत दिली नाही. पेटी उघडून त्यांनी आतला पंखा काढला. पात्यांवर कुंकवाचा थर आणि अगरबत्तीची राख.

"शेठ, यंत्राले हळद लागली शे. लगीन शे का याचं?" त्यांनी अगरबत्ती बंद करवली. आणि लगेच पुड्यातली एक काढून स्वतःच पेटवली.

शेठ बघतच राहिले. नानांनी ती पंख्यासमोर धरली. धूर पेटीच्या पुढच्या फटीतून आत जातो का आणि मागून बाहेर पडतो का, हे पाहायचं होतं. "वारा कथाईन येस अन् कथा जास, ते पहिले सांगा. मंग पंख्याचं बोला." नाना मराठी बोलता बोलता असे अहिराणीत घसरायचे, विशेषतः विषय वाऱ्याचा असला की.

कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना त्यांची स्वतःची नावं होती. मदरबोर्ड ही 'माय'. वीज पुरवणारा डबा हा 'बाप'. पंखे ही पोरं. मायच्या अंगावर जी बारीक पिनांची जागा असते, तिथं फक्त एक लहान पंखा चालतो. मोठा किंवा दुसरा लावायचा तर बापाकडे, असा त्यांचा नियम. "मायवर बठ्ठा भार नका टाकू. ती सोसस सोसस अन् एक दिवस जळी जास." पेटीत हात घालण्याआधी ते तिच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवत, अंगातली वीज उतरवायला. वायरी पात्यांत जाऊ नयेत म्हणून दोऱ्यानं बांधत. आणि हे सगळं करताना मला मान खाली घालून बघायला लावत. मला वाटायचं, वर्षभरात मला सगळं येऊ लागलंय.

चहाला मात्र ते एकटे जात नसत. शेठना, मला, छपाईच्या मशीनवरच्या माणसाला, सगळ्यांना घेऊन जात आणि स्वतः बोलत. घरी कोण असतं, हे मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आहेत की सगळे. मुलगा सुरतले शे, बायको त्याच्याकडे शे." आणि वाफ कशी वर जाते ते सांगू लागले. माझ्या घरचं मात्र त्यांनी सगळं विचारून घेतलं. वडील दिवसभर ओट्यावर बसून असतात, हेसुद्धा.

दुसऱ्या उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खान्देशात त्या दिवशी जितकी लग्नं लागतात तितकी वर्षभरात लागत नसतील. माझ्या कॉम्प्युटरला आणखी एक पंखा बसवायला नाना सकाळीच आले. पंखा स्क्रूनं बसवून झाला. जोडायला हवी तशी पिन पिशवीत नव्हती. पंख्याच्या दोन वायरी उघड्या टोकांनी लोंबत ठेवून ते पिन आणायला बाजारात निघाले. "हात लावू नका," म्हणाले. वायर अर्थातच गळ्यात.

ते गेले आणि फैजपूरचे एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न आखाजीला. पत्रिकेसाठी त्यांचा हा तिसरा खेटा होता. शेठ आत डोकावून म्हणाले, "मीना, बघ ना काही होतं का." आणि त्या गृहस्थांना घेऊन पुढे गेले.

शेठनी घाई केली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. मला वाटलं, दोन वायरी तर आहेत. बोर्डवर बारीक पिना उभ्या होत्या, त्यातल्या दोन पंख्याच्याच असाव्यात असं मी ठरवलं आणि उघडी टोकं त्यांच्याभोवती गुंडाळली. शेजारच्या कॉम्प्युटरची वायर काढून याला लावली. बटण दाबलं.

'पट्' असा आवाज झाला. फार मोठा नाही. कोपऱ्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि जळक्या रबरासारखा वास खोलीभर पसरला. मी बटण बंद केलं, शेजारची वायर उपटली, गुंडाळलेली टोकं सोडवली आणि खुर्चीवर जाऊन बसले. माझे हात मांडीखाली दाबून धरले होते, एवढं आठवतं.

नाना दारातच थांबले. वास त्यांना आधी आला. मग ते पेटीजवळ आले, पंख्याच्या वायरी हातात घेतल्या. तांब्याची टोकं काळी पडली होती. शेजारच्या यंत्राची वायर टेबलावर अर्धी लोंबत होती, तीही त्यांनी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होते. पडदा काळाच होता.

शेठ धावत आले. "काय झालं?"

"बोर्ड गया," नाना म्हणाले.

"कसा?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"चूक मन्ही शे, शेठ," नाना म्हणाले. "जाताना घाईत जोडून पाहिलं."

"तुम्ही? तुम्ही घाईत?" शेठचा विश्वास बसेना. मग बसला. बसल्यावर ते बरंच बोलले. दुसऱ्या यंत्रावर फक्त बिलबुकांचं काम व्हायचं, पत्रिकांचा सगळा मजकूर या पेटीत अडकला होता, नवा बोर्ड मुंबईहून यायला आठवडा, आणि आखाजी पाच दिवसांवर. फैजपूरचे गृहस्थ भांडले नाहीत. पिशवी उचलून म्हणाले, "ठीक आहे, घरोघरी जाऊन सांगतो आता." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

नानांनी गळ्यातली वायर काढून टेबलावर ठेवली. हत्यारं गोळा केली. जाताना मला म्हणाले, "चप्पल घालत जा बरं."

आमच्या गल्लीत आणखी चार छापखाने होते. बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. सगळ्यांना चपला घालायला लावणाऱ्या माणसानंच बोर्ड जाळला, याचं लोकांना हसू आलं. पुढे कुणी त्यांना बोलावलं नाही. त्याच महिन्यात एक तरणा मेकॅनिक आला, तो पेटी चालू ठेवूनच आत हात घालायचा. लोकांना तोच हुशार वाटायचा.

मी दोनदा नानांना पत्र लिहायला घेतलं. शेठना सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि पत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाचं विचारून परत आले. दीड वर्ष असं गेलं. मग वडिलांना पहारेकऱ्याचं काम लागलं, मला दुसरीकडे नोकरी मिळाली. म्हणजे धैर्य आलं ते गरज संपल्यावर. हेही लिहून ठेवलेलं बरं.

मामेबहिणीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले, तेव्हा दुपारची जेवणं उरकल्यावर देवपुरात विचारत विचारत नानांच्या घरी पोहोचले. एका खोलीचं घर. दार उघडंच होतं. नाना जमिनीवर बसून कुणाच्या तरी मिक्सरची मोटार भरत होते. वाळले होते. मला पाहून इतके भराभर उठले की तारेचं रीळ घरंगळत बाहेर गेलं.

"ऑपरेटरबाई! ये, ये. बस. पाणी देतो. जेवली का? बस ना."

खोलीत एक खाट होती, एक ताट, एक वाटी. भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो. मी विचारलं, "काकू अजून सुरतेलाच?"

"ती गई," नाना म्हणाले. "पाच वर्षं व्हतील."

म्हणजे आम्हाला चहा पाजत होते, तेव्हाही नव्हत्याच.

पाण्याचा तांब्या हातात धरून मी सगळं एका दमात सांगितलं. मीच जोडलं. मीच बटण दाबलं. शब्द संपले तरी मी रडतच होते.

"माले माहीत शे, बेटा," नाना म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझ्या घरी चूल तुझ्यावर व्हती. माझ्या घरी मी एकटाच जेवणारा." मग त्यांनी विचारलं, "त्यानंतर कधी पेटी उघाडी का?"

"नाही. स्क्रू पाहिला तरी मी लांब होते."

"हे मात्र वाईट झालं," ते म्हणाले. त्या सगळ्यातलं एवढंच त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

ते उठले. खाटेखालून एक रिकामी पेटी ओढून काढली. तिच्यात बोर्ड नव्हता, फक्त वीज देणारा डबा होता. एक जुना पंखा माझ्या हातात दिला. "लाव."

"नाना, नको."

"इथं जळण्यासारखं काही नाही. लाव."

मी पंखा घेऊन पेटीसमोर बसले. ते शेजारी उकिडवे बसले आणि सांगत गेले. पिन भिंतीत नाही ना, स्वतः बघ. पत्र्याला हात टेकव. पंख्याच्या कडेवरचा बाण बघ. पंख्याची लाल वायर डब्याच्या पिवळीला, काळी काळीला. "लाल पाहून लालले लावशील तर फिरेल, पण मरगळल्यासारखा." जोडावर रबरी नळी सरकव. वायर पात्यापासून दूर बांध. पहिल्यांदा नळी चढवायला विसरले, तर त्यांनी जोड सोडवून पुन्हा माझ्या हातात दिला. दुसऱ्यांदा नीट झालं. तिसऱ्यांदा त्यांना सांगावं लागलं नाही.

"आता वायर भिंतीत लाव. बटण तूच दाब."

मी दाबलं. पंखा एकदा अडखळला आणि फिरू लागला. आम्ही दोघं त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिलो. माझ्या चेहऱ्यावर वारा येत होता. नानांनी गुडघ्यांभोवती हात घातले होते आणि डोळे मिटले होते.

बाहेर ऊन उतरलं. गाडीची वेळ झाली तशी मी उठले आणि पंखा बंद करायला बटणाकडे हात नेला.

"राहू दे चालू," नाना डोळे न उघडता म्हणाले. "घरमा काहीतरी आवाज राहस."